शंभर कशातले?

सोमवार. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

“शंभर कशातले?” धुळाआबांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. माझ्या खांद्यावर गुंजी होती, म्हणजे आमचं चार महिन्यांचं कोकरू. काखेत तानी होती, म्हणजे माझी अकरा महिन्यांची लेक. आणि हातात कागद.

“कशातले म्हणजे? शंभरातले तीन. शेकडेवारी आहे ती, आबा. सातवीला असते.”

“असंल... पण शंभर कशातले?”

“कोकराचे. दुसऱ्या कशाचे असणार?”

आबा बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर बसून लोकर कातत होते. त्यांच्या हातातली चाती गरगर फिरत होती. ती थांबली.

जन्मभर मेंढरं राखून गुडघे गेले, तेव्हापासून आबा या देवळाशी राहतात. माळावर कुणाचाही वाडा उतरला, की माणसं एकदा तरी त्यांच्या पायरीशी येतात. वाडा म्हणजे आमचा फिरता तळ. चार बिऱ्हाडं, दोन घोडी, तीनशे मेंढरं. देवळाच्या खालीच, ओरडलं तर ऐकू येईल इतक्या अंतरावर आम्ही उतरलो होतो.

“गुंजीला खाली ठेव,” आबा म्हणाले.

ठेवली. ती उभी राहिली, मग पुढचे पाय दुमडून बसली. समोर कडब्याची पाती होती. तिनं हुंगलीसुद्धा नाही. शेपटाखालची लोकर तेलानं चिकटली होती. लेंड्या पडायच्या तिथं दोन दिवस नुसतं पातळ पाणी पडत होतं.

“काय पाजलंस?”

“करडईचं तेल.”

“किती?”

“फुलपात्रभर... सकाळी. आणि संध्याकाळी फुलपात्रभर.”

आबांनी चाती खाली ठेवली.

मग मीच सगळं सांगून टाकलं.

मेंढरांच्या लसीच्या दिवशी डॉक्टरांच्या माणसानं हा कागद वाटला होता. आमच्या वाड्यावर वाचणारी मी एकटी. औषधाची बाटली मी वाचते, एसटीची पाटी मी वाचते, लग्नाची पत्रिका मीच वाचते. त्यामुळे कागद माझ्याकडं आला. त्यात लिहिलं होतं, ‘वाढत्या कोकरास वनस्पती तेल शेकडा तीन प्रमाणात द्यावे. वजन चांगले भरते.’

मी गुंजीला लोकर तोलायच्या ताणकाट्याला टांगलं. चौदा किलो भरली. मातीवर काडीनं गणित मांडलं. चौदा किलोचे शेकडा तीन, चारशे वीस ग्रॅम. दोनदा पडताळून पाहिलं. उत्तर तेच आलं.

“एवढं तेल बघून मीच घाबरले, आबा. म्हणून निम्मंच दिलं.”

“शहाणी हायस.”

कौतुक होतं की टोमणा, ते मला कळलं नाही.

“शुक्रवारी वाडा हलणार,” मी म्हणाले. “मामांनी सांगितलंय.”

मामा म्हणजे माझे सासरे, वाड्याचे कारभारी. त्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. लहान कोकरं घोड्यावर जातील. मोठी आपल्या पायांनी चालतील. जे घोड्यावर मावत नाही आणि चालतही नाही, ते गावात कुणाला तरी देऊन टाकायचं. मागं थांबायचं नाही.

गुंजी घोड्यावर मावत नव्हती. आणि आता ती चालतही नव्हती.

“दुसरं कुठलंही कोकरू असतं तर मी बोलले नसते. पण ही तानीची आहे.”

आमच्यात आईच्या भावानं भाचीला बारशाला मेंढी द्यायची रीत आहे. ती मेंढी वाढेल, तिची कोकरं होतील, पोर मोठं होईतो त्याचा स्वतःचा कळप झालेला असेल. माझ्या भावानं दिलेली मेंढी गुंजीला जन्म देऊन पावसाळ्यात गेली. राहिली ती गुंजी. तानीचा सगळा कळप म्हणजे ही एवढीच.

“अशक्त होती, वाटेत मागं पडेल म्हणून तर दिलं तेल,” मी म्हणाले.

“कागद वाच.”

“वाचला की. तीनदा.”

“मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. शेकडा तीन. वजन चांगले भरते.

“खाली काय हाय?”

“खाली बारीक अक्षरं आहेत...”

“बारीक वाचता येत न्हाय व्हय?”

मी वाचलं. ‘प्रमाण एकूण खाद्याचे समजावे. तेल खाद्यात मिसळून द्यावे. जास्त झाल्यास रवंथ मंदावतो.’

मी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. हे वाक्य काल नव्हतं, असं मी बिरोबाची शपथ घेऊन सांगितलं असतं.

“गुंजी खाद्य किती खाती?”

“खात होती तेव्हा पाव किलो भरडा.”

“मग कर तुझं सातवीचं.”

मी मनातल्या मनात केलं. पुन्हा केलं.

“साडेसात ग्रॅम,” मी म्हणाले. “म्हणजे... चहाचे दीड चमचे.”

“आणि फुलपात्र म्हंजी?”

तानी माझ्या काखेतून सुटून आबांच्या लोकरीपर्यंत पोचली होती. एक पुंजका तिनं तोंडात घातला.

“पोरगी जेवली का सकाळी?”

“आठ चमचे नाचणीची पेज.”

“मी चमचे इचारले न्हाईत.”

“मग?”

“भूक हुती का तिला?”

मी तानीकडं पाहिलं. ती लोकर चघळत होती आणि मला पाहून हसत होती. मी तिच्या तोंडात बोट घालून पुंजका काढला. ती रडली.

आबा उठले. गुडघ्यांवर हात देऊन, दोन दमांत. म्हणाले, “चल.”

मेंढरं अजून चरायला सुटली नव्हती. वाघरीच्या जाळीत बसून होती. आबा त्यांच्यातून हळूहळू फिरले, आणि एका म्हाताऱ्या मेंढीपाशी थांबले. तिला आम्ही पाटलीण म्हणतो. कारण ती कुणासाठी उठत नाही.

पाटलीण डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती.

आबा तिच्याशेजारी बसले. नुसते बसले. गुंजीला मांडीवर घेऊन मीही बसले.

“आबा, औषध...”

“गप.”

पाटलिणीनं घास गिळला. जबडा थांबला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या गळ्यातून एक गोळा खालून वर सरकत आला, अगदी दिसला मला. तो तोंडात पोचला आणि तिनं पुन्हा चावायला सुरुवात केली.

आबांनी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून दोन बोटं आत घातली. हिरवा, ओला घास बाहेर काढला. पाटलिणीनं डोळे उघडून त्यांच्याकडं असं पाहिलं, की माझ्या सासूनं पाहिलं असतं तर मी माहेरी गेले असते.

तो घास आबांनी गुंजीच्या जिभेच्या मुळाशी ठेवला आणि तिचं तोंड मिटून धरलं.

“हे औषध?”

“व्हय.”

“पण हे चावलेलं आहे.”

“म्हणून तर. चालत्या पोटातला घास बंद पोटाला चालवतो.”

गुंजीनं गिळलं.

तोवर आत्या आली होती. आत्या म्हणजे माझी सासू, आणि माझ्या बापाची सख्खी बहीण. त्यामुळे मला बोलायचा तिला दोन्हीकडून हक्क आहे.

“झालं का वाचून?” ती म्हणाली. “भावाला म्हटलं हुतं, शिकलेली पोर देऊ नको. आता मेंढरं तेलात तळून निघतील.”

“आत्या, चुकलं माझं.”

“चुकलं तर चुकलं. त्या तेलात चार दिवस आमटीला फोडणी झाली असती.” मग गुंजीजवळ वाकून तिनं तिच्या कानाच्या मागं हात लावून पाहिला. “गार न्हाय अजून,” ती हळूच म्हणाली. “आबा, जगंल?”

आबांनी हात जाळीला पुसला.

“तेल बंद. कोरडा कडबा समोर ठिवायचा, तोंडात कोंबायचा न्हाय. पाणी. आन् दिवसातनं तीनदा पाटलिणीचा घास.”

“आणि मी काय करू?” मी विचारलं.

“बस.”

“कुठं?”

“तिच्याजवळ... ऐक.”

“काय ऐकू?”

आबा तोवर पायऱ्यांकडं निघाले होते.

बसणं हे माझ्या अंगातच नाही. तानी झोपली तर ती श्वास घेतेय का ते मी पाहते. घेत असली तर जरा जास्तच घेतेय का, ते पाहते. त्या दिवशी मी गुंजीजवळ बसले, उठले, कडबा सरकवला, पाणी बदललं, पुन्हा बसले. तिच्या डाव्या कुशीला कान लावला. आत काही नव्हतं. घागर फुटल्यावर जसं असतं, तसं.

दहा वाजता देवळाशी गेले.

“आबा, अजून नाही.”

“काय?”

“रवंथ.”

“तिचा का तुझा?”

मी परत आले. बारा वाजता पुन्हा गेले. मला बघून त्यांनी चाती उचलली आणि देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन बसले.

संध्याकाळी पाटलिणीचा घास मीच काढला. पहिल्यांदा ती चावली मला. दुसऱ्यांदा मी आबांसारखी थांबले, गोळा वर येईपर्यंत. थांबल्यावर जमलं.

मंगळवारी गुंजी पाणी प्यायली. तिनं कडब्याच्या एका पात्याला तोंड लावलं आणि सोडून दिलं. मामा तिच्याजवळून गेले, थांबले, माझ्याकडं न बघता म्हणाले, “खालच्या आळीत एक मास्तर हायेत. त्यांच्या घरी शेळी हाय. ते संभाळतील हिला चांगलं.”

वाईट बोलले नाहीत ते. म्हणूनच मला जास्त रडू आलं.

बुधवारी दुपारी तानी झोपली होती. गुंजी माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती. मी तो कागद काढला. आता त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण हाताला काहीतरी हवं होतं. या वेळी मी पहिल्यासारखा सरसर वाचला नाही. एकेका शब्दावर थांबत वाचला. वाढत्या... कोकरास... वाढत्या म्हणजे कुठवर वाढलेल्या? खाद्य म्हणजे नुसता भरडा, की कडबाही धरायचा? एका ओळीत एवढे प्रश्न दडले होते, आणि मी त्यांच्यावरून मेंढरांमागं धावावं तशी धावत गेले होते.

कागदाला झटका बसला.

गुंजीनं कोपरा धरला होता. माझ्या बोटांनी तेलकट झालेला कोपरा. मी ओढला, तिनंही ओढला. कागद फाटला आणि निम्मा तिच्या तोंडात गेला.

मी तिच्या तोंडात बोट घालणार होते. कसं कोण जाणे, घातलं नाही.

तिनं तो खाल्ला. मग कडब्याचं एक पातं खाल्लं. मग दुसरं. मग पाय दुमडून बसली. मी तिच्या कुशीला कान लावला... आत दूर कुठंतरी गुडगुडलं. जात्यात दाणे पडल्यावर सुरुवातीला येतो तसा आवाज. आणि तिच्या गळ्यातून एक एवढासा गोळा वर सरकत आला.

जबडा हलायला लागला. डावीकडून उजवीकडं.

मी तानीला तशीच झोपलेली आत्याच्या मांडीवर टाकली आणि पायऱ्या चढत गेले.

“आबा, तिनं कागद खाल्ला.”

“कुठला भाग?”

“तेलाचा.”

“आन् आता काय करती?”

“रवंथ करतीय.”

“मग तुझ्यापक्षा बरं,” आबा म्हणाले.

मी हसायला लागले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. आबा हसले नाहीत, पण त्यांची चाती जरा जोरात फिरली.

“आता तेल कधीच नको ना?”

“का? तेलानं काय केलंय तुझं?”

“पण...”

“तेल वाईट न्हाय. अशक्त कोकराला चांगलंच हाय. तेल घासाला लाव, कोकराला न्हाय.”

गुरुवारी सकाळी मी भरडा परातीत घेतला. त्यावर अर्धा चमचा करडईचं तेल टाकलं, दीडही नाही, आणि हातानं चोळत बसले. प्रत्येक दाण्याला लागेल असं. हात ओशट झाला, ओला झाला नाही. गुंजीनं परात चाटून स्वच्छ केली. हाताला राहिलेलं तेल मी तानीच्या टाळूवर जिरवलं. त्या दिवशी तानीला मी पेजेची वाटी नुसती समोर ठेवली. निम्मी सांडली, पाव केसांना लावली, उरलेली खाल्ली. किती चमचे, ते मोजता येण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी वाडा हलला.

घोड्यांवर बिऱ्हाड चढलं. लहान कोकरं झोळ्यांत गेली, नुसती तोंडं बाहेर. मामांनी गुंजीला ओढ्याच्या अलीकडं उभं केलं आणि मेंढरं पलीकडं हाकली. एवढीच परीक्षा.

मी तानीला घट्ट धरून उभी होते. आत्या माझ्याशेजारी उभी होती. तिनं माझा दंड धरलाय हे मला नंतर कळलं, वळ दिसले तेव्हा.

गुंजी पाण्याजवळ गेली. थांबली. मागं वळून माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडातून हाक येत होती, ती मी गिळली. पलीकडच्या काठावरून पाटलीण एकदा ओरडली, बहुतेक स्वतःच्याच कामासाठी. गुंजीनं पाण्यात पाय घातला. मधे एका दगडावर अडखळली, पाण्यात बसल्यासारखी झाली, उठली, आणि पलीकडं चढून पाटलिणीच्या मागं लागली.

मामा बराच वेळ बघत राहिले.

“चालतीय,” ते म्हणाले. “चालू दे.” मग तानीच्या गालाला बोट लावून म्हणाले, “तुझा कळप निघाला गं, कारभारणी.”

मी आबांच्या पाया पडायला वर गेले. तिथं बायका जमल्या होत्या. माळाच्या दुसऱ्या टोकाला उतरलेल्या वाड्यातल्या. त्यांच्यातली गोदाक्का पुढं आली. दाराशी आलेल्या पाहुणीला विचारावं तसं तिनं विचारलं, “तुझं कोकरू उठून चालाय लागलं म्हणं. कसलं तेल दिलंस? आमाला बी सांग. आमचीबी दोन मरतुकडी हायेत. कागद हाय ना तुझ्याकडं?”

“निम्मा आहे,” मी म्हणाले.

“निम्मा तर निम्मा. किती द्यायचं तेवढं सांग.”

अर्धा चमचा, असं माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. मी आबांकडं पाहिलं. ते लोकर कातत होते.

“अक्का,” मी म्हणाले, “तुझी कोकरं खातात किती?”

“खात्यात काय तरी.”

“रवंथ करतात का?”

“करत असतील की. कोकरं हायेत ती.”

“कधी बघितलंस?”

गोदाक्काचा हात कमरेवर गेला. “ही बया मला मेंढरं शिकवाय लागली. तुझ्या वयाच्या आधीपासनं मी...” आणि मधेच थांबली. तिनं बाकीच्या बायकांकडं पाहिलं.

“बघून येती,” ती म्हणाली, आणि माळ उतरायला लागली. तिच्या मागून दुसरी गेली. मग तिसरी.

मी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. खाली मामा हाका मारत होते.

“आबा, बरोबर केलं का मी? वाटेत अजून पाच-सहा वाडे लागतील. तिथंही विचारतील सगळे. सांगू का?”

आबांनी सूत चातीवर गुंडाळलं. माझ्याकडं पाहिलं.

“सांग की. ज्याला भेटशील त्याला सांग, आन् त्याला म्हण, पुढच्याला सांग...”

मग चाती पुन्हा फिरवली.

“नुसतं गिळलेलं नको सांगू. चावलेलं सांग.”